मुलींच्या सायकली आणि वाहून गेलेली साइडपट्टी

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे प्रकरण आहे. गावाचं, शाळेचं, साखर कारखान्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्या शाळेत गणित शिकवते. पहिल्या दिवसापासून मी यात होते, त्यामुळे हे लांबून पाहिलेल्याचं लिखाण नाही. आमच्या चुका झाल्या तशाच लिहिल्या आहेत. दुसऱ्या गावातले पालक आणि शिक्षक असंच काही हाती घेतील, तेव्हा त्यांना त्या चुकांचाच जास्त उपयोग होईल असं मला वाटतं.

पार्श्वभूमी

शाळा गावाच्या कडेला, राज्य मार्गाला लागून. आजूबाजूच्या वाड्या, वस्त्या आणि एका तांड्यावरून मुली येतात. आठवीत गेलं की त्यांना मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळते. राज्यातल्या १२५ तालुक्यांत ही योजना आहे. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी ती आहे. एसटीची वेळ शाळेला जुळत नाही, टमटमला रोजचे पैसे द्यावे लागतात आणि टमटम भरली की मुलींनाच मागे उभं राहावं लागतं. सायकल हातात आली की मुलगी नववी-दहावीत गळत नाही, हे मी माझ्या हजेरीपटावर वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

रस्ता पूर्वी साडेपाच मीटरचा, डांबरी आणि खड्ड्यांनी भरलेला होता. पुढे त्याचं रुंदीकरण झालं आणि सात मीटर रुंद सिमेंट काँक्रीट आलं. गावात पेढे वाटले गेले, आम्ही शिक्षकांनीही खाल्ले. रस्ता हवाच होता. पण त्याबरोबर दोन गोष्टी बदलल्या. खड्डे गेले तसा गाड्यांचा वेग वाढला, हे सगळ्यांना दिसलं. दुसरी गोष्ट सायकलवाल्यांखेरीज कुणाच्या लक्षात आली नाही. काँक्रीटचा थर जुन्या रस्त्यापेक्षा उंच बसला होता. कडेला मुरूम टाकून साइडपट्टी केली होती, पण ती नीट दाबली नव्हती. पहिल्याच पावसाळ्यात मुरूम वाहून नालीत गेला आणि काँक्रीटची कड वीतभर उघडी पडली. ट्रॅक्टरला किंवा जीपला त्याचं काही नाही. सायकलला मात्र रस्त्यावरून खाली उतरायची सोय उरली नाही.

दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर दोन्ही अंगांनी लोंबणारा ऊस. शाळा भरण्याची वेळ आणि कारखान्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग एकाच वेळी त्या रस्त्यावर असायची.

घटना

नोव्हेंबरातली सकाळ. आठवीतली एक मुलगी सायकलवरून शाळेला येत होती. मागून ट्रॅक्टर आला, त्याने हॉर्न दिला. ती घाबरून खाली उतरायला गेली, पुढचं चाक काँक्रीटच्या कडेवरून घसरलं आणि ती रस्त्याच्या बाजूला पडली. दुसऱ्या ट्रॉलीचं मागचं चाक तिच्या पावलावरून गेलं.

ती वाचली. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनेच तिला उचलून दवाखान्यात नेलं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढच्या दोन दिवसांत गावात त्याच्याविषयी जे बोललं गेलं त्यात ही गोष्ट कुठेच नव्हती.

पहिली प्रतिक्रिया आणि पहिला गतिरोधक

दुसऱ्या दिवशी पालकांनी रास्ता रोको केला. मीही रस्त्यावर बसले होते. मागणी एकच होती: शाळेसमोर स्पीडब्रेकर. एवढ्या संतापात दुसरं काही सुचणं शक्यही नव्हतं. दोन दिवसांनी पहाटे येऊन कुणीतरी डांबराचा एक उंचवटा करून गेलं. अरुंद, उंच, वर पांढरा पट्टा नाही, आधी फलक नाही. त्याच आठवड्यात रात्रीच्या अंधारात मोटरसायकलवरून येणारे एक आजोबा त्याच्यावर आपटून पडले. आम्ही मागितलं ते आम्हाला मिळालं होतं, आणि त्याने एक म्हातारा माणूस जायबंदी झाला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलगी जिथे पडली ती जागा शाळेच्या फाटकापासून बरीच अलीकडे होती. फाटकासमोरच्या उंचवट्याने तिथला ट्रॅक्टर हळू झालाच नसता. शिवाय भरलेला ट्रॅक्टर तसा वेगात नसतोच. ती पडली ती कडेमुळे. अपघात जिथे झाला ती जागा कुणीही नीट पाहिलीच नव्हती, मीसुद्धा नाही.

खरा प्रश्न शोधताना

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही चौघं शिक्षक आणि नववीतल्या काही मुली रस्त्याने चालत गेलो. हातात मोजपट्टी, वही आणि पिशवीभर चुना. जिथे कड उघडी होती तिथे खूण केली. पायी येणाऱ्या मुली कुठे रस्त्यावर उतरतात, का उतरतात, ते लिहून काढलं. एका ठिकाणी नालीवरची फरशी फुटलेली होती, एका ठिकाणी विजेच्या खांबाला टेकून वाळूचा ढीग होता, बसस्टँडजवळ फूटपाथवर भाजीवाल्या बसत होत्या.

वेग मोजायला यंत्र नव्हतं. रस्त्याच्या कडेला पन्नास मीटर अंतरावर चुन्याच्या दोन खुणा केल्या आणि मोबाइलवर वेळ धरली. पन्नास मीटर साडेचार सेकंदांत कापले तर वेग ताशी ४० किलोमीटर, सहा सेकंद लागले तर ३०, नऊ लागले तर २०. मुलींनी हे गणित फळ्यावर केलं आणि मग रस्त्यावर. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, हे विज्ञानाच्या पुस्तकातलं सूत्र त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असं त्याच म्हणाल्या. निरीक्षण स्पष्ट होतं. ट्रॅक्टर सावकाश होते. वेगात होत्या त्या जीपा, टमटम आणि मोटरसायकली. म्हणजे प्रश्न एक नव्हता, दोन होते. गावातल्या टप्प्यात हलक्या वाहनांचा वेग, आणि गावाबाहेरच्या टप्प्यात जड वाहनाला बाजू द्यायला जागाच नसणं. पहिल्याला एक औषध, दुसऱ्याला दुसरं.

तिसरा प्रश्न आम्हाला उशिरा दिसला, आणि तो सगळ्यात मोठा होता. अपघातानंतर तांड्यावरच्या मुली येईनाशा झाल्या. मी घरी गेले तेव्हा एकीची आई म्हणाली, "मॅडम, पोरगी जिती राहू द्या, शिक्षणाचं बघू मागून." तिला उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. सायकलींना घरात कुलूप लागलं होतं. अपघाताची नोंद पोलिसांच्या वहीत एक झाली. शाळेत त्या अपघाताने किती जागा रिकाम्या केल्या याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

समोर असलेले पर्याय

डिसेंबरात शाळेत पालकांची बैठक झाली. बाह्यवळण रस्त्याची मागणी जुनी आणि योग्य होती, पण त्याला भूसंपादन लागतं आणि तोवर आठवीतल्या मुलीची बारावी होऊन गेली असती. शाळेची बस काढायला पैसा नव्हता. मुलींना टमटमने पाठवायचं तर तो खर्च पुन्हा पालकांवर पडणार आणि सायकलने दिलेली मोकळीक जाणार. यावर फार वेळ गेला नाही.

खरी चर्चा झाली ती मागणीचा सूर आणि रोख काय ठेवायचा यावर. एक पालक वकील आहेत. त्यांनी सांगितलं की मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं आहे. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे झाली नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. थेट नोटीस पाठवावी असं अर्ध्या लोकांचं म्हणणं होतं. दुसऱ्या अर्ध्यांना आधी माहिती गोळा करायची होती. आम्ही दुसरा मार्ग धरला. कारण साधं होतं: नोटीस गेली की समोरचा अभियंता आमच्याशी बोलणं बंद करून फाइलशी बोलू लागतो. कलम हाताशी ठेवलं, पत्रात घातलं नाही. आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो, पण मुलीच्या वडिलांना तो पटला नव्हता, आणि त्यांचं न पटणं मी चूक म्हणू शकत नाही.

माहिती अधिकारात अर्ज केला. रस्ता कुणाच्या ताब्यात, कामाचं अंदाजपत्रक काय, दोषदायित्व कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत) कधी संपतो, एवढे तीनच प्रश्न. कायद्यात उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत उत्तर आलं. काँक्रीट आणि साइडपट्ट्या बांधकाम खात्याकडे, नाली, दिवे आणि गावातला फूटपाथ नगरपरिषदेकडे, वाहतुकीचं नियमन पोलिसांकडे. तोवर आम्ही सगळी निवेदनं नगरपरिषदेला देत होतो, म्हणजे ज्यांच्या हातात साइडपट्टी नव्हतीच त्यांना. अंदाजपत्रकात मुरमाच्या साइडपट्ट्या, दबाईसह, स्वतंत्र बाब म्हणून लिहिलेल्या होत्या. आणि दोषदायित्व कालावधी अजून चालू होता. म्हणजे वाहून गेलेली पट्टी ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने पुन्हा करून द्यायची होती. नवं टेंडर नको, नवा निधी नको.

त्या एका कागदाने आम्हाला जे मिळालं ते रास्ता रोकोने मिळालं नव्हतं. रास्ता रोको झाला नसता तर तो कागद कुणी इतक्या लक्षपूर्वक वाचला असता का, हेही मला सांगता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक

नगरपरिषदेच्या हातात फूटपाथ होता, म्हणून त्यांना आम्ही वेगळं पत्र दिलं: बसस्टँड ते शाळा फूटपाथ मोकळा करून द्यावा. मसुदा मी लिहिला होता. आठ दिवसांत अतिक्रमणाची गाडी आली आणि भाजीवाल्या मावशींचे पाटे, टोपल्या, वजनकाटे उचलून नेले. त्यांतल्या एकीची नात माझ्या वर्गात होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे न बघता वर्गात बसली.

फूटपाथ मोकळा राहिला तो जेमतेम आठवडाभर. मग तिथे मोटरसायकली लागायला लागल्या. भाजीवाल्या असताना निदान त्यांच्या मागून चालायला जागा होती, मोटरसायकलींनी तीही बंद केली. आणि आणखी एक गोष्ट गेली. त्या बायका संध्याकाळी पाचनंतर तिथे असायच्या. शाळा सुटलेल्या मुलींवर त्यांचं लक्ष असायचं, मागे लागणाऱ्या पोरांना त्या नावानिशी हाका मारायच्या. मुलींच्या दृष्टीने सुरक्षित रस्ता म्हणजे नुसता वाहनांपासून सुरक्षित रस्ता नसतो. हे मला एक बाई असून, त्याच रस्त्याने रोज जात असून, पत्र लिहिताना सुचलं नाही.

मी आणि आणखी दोन शिक्षिका त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली. एक मावशी म्हणाल्या, "आमाला इचारलं असतं तर आमीच सरकून बसलो असतो की." एवढं साधं होतं ते.

मग उलटा प्रवास सुरू झाला. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे; त्यात सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही आणि नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. हे आम्ही पत्र लिहिण्याआधी वाचायला हवं होतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक तत्त्वांत (आयआरसी १०३, २०१२ ची आवृत्ती) फूटपाथचे पट्टे सांगितले आहेत: इमारतीलगतचा, चालण्याचा, आणि रस्त्याच्या कडेचा. झाडं, खांब, बाक यांची जागा कडेच्या पट्ट्यात. निवासी भागात चालण्याचा पट्टा किमान १.८ मीटर सलग मोकळा हवा आणि फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आमच्या फूटपाथवर बहुतेक ठिकाणी रुंदी पुरत होती. मावशींबरोबर बसून खडूने रेघ मारली. रेघेच्या रस्त्याकडच्या बाजूला पाटे, आतल्या बाजूला वाट. मुख्याधिकाऱ्यांना ती जागेवर दाखवली आणि उन्हाळ्याच्या आत बायका परत बसल्या. मोटरसायकली पुन्हा येऊ नयेत म्हणून फूटपाथच्या तोंडाशी लोखंडी खांब लागले, हे मावशींनीच सुचवलेलं.

ऊस वाहतूकदारांशी बोलणी

शाळेच्या वेळेत जड वाहनं बंद ठेवावीत, ही मागणी कागदावर सोपी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली तशी अधिसूचना काढता येते. पण ठाण्यातले साहेब स्पष्ट बोलले: अधिसूचना निघाली तरी रांगेतले ट्रॅक्टर उभे करायला जागा नसेल तर मी त्यांना कुठे थांबवू?

म्हणून आम्ही ड्रायव्हर आणि मुकादमांकडे गेलो. अपघातातला ड्रायव्हर त्या बैठकीला आला होता आणि सगळ्यात आधी तोच बोलला. त्यांची अडचण वेळेची नव्हती, नंबरची होती. कारखान्यावर गाडी नंबराने रिकामी होते. तास थांबलं आणि मागची गाडी पुढे गेली की दिवसाची एक खेप बुडते, आणि खेपेवरच त्यांचं पोट. नंबर शाबूत राहणार असेल तर थांबायला कुणाची ना नव्हती.

कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना भेटलो. आम्ही सुचवलं की गावाच्या अलीकडे, बाजार समितीच्या मोकळ्या आवारात गाड्या थांबतील आणि तिथेच नंबराची चिठ्ठी मिळेल. सकाळी शाळा भरताना एक तास, संध्याकाळी सुटताना एक तास. हो-नाही करत जानेवारीत ते सुरू झालं. अधिसूचनेचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे गेला, तेव्हा गावात ती व्यवस्था आधीच चालू होती.

त्या समितीपुढे मांडणी करताना एक धडा मिळाला. मी सुरुवात देशाच्या आकड्यांनी केली: २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. सगळ्यांनी मान हलवली, कुणी लिहून घेतलं नाही. मग मुलींनी काढलेला नकाशा टेबलावर पसरला. प्रत्येक वस्तीपासून शाळेपर्यंतची रेघ, त्यावर सायकलींची संख्या, उघड्या कडेच्या जागा लाल, आणि नोव्हेंबरनंतर शाळा सोडलेल्या मुलींच्या वस्त्यांवर काळी टिकली. अधिकारी उठून टेबलाभोवती उभे राहिले. साइडपट्टीचं पत्र त्याच आठवड्यात ठेकेदाराला गेलं.

काय साधलं

साइडपट्टी उन्हाळ्यात भरली गेली, यावेळी थर टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून. दबाई होताना शाळेतले दोन पालक रोज तिथे थांबत होते. पुढच्या पावसाळ्यात बहुतेक टप्पा टिकला. उतारावरच्या दोन जागी मुरूम पुन्हा गेला, तिथे पाणी रस्त्यावरून आडवं वाहतं आणि मोरीशिवाय ते थांबणार नाही.

शाळेसमोरचा तो डांबराचा सुळका काढला. त्या जागी आयआरसी ९९ मध्ये दिलेल्या मापाचा गतिरोधक झाला: ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता येईल असा. पट्टे, फलक आणि वर दिवा. मोटरसायकल त्यावरून उडत नाही, एसटी आपटत नाही, आणि वेग खरोखर कमी होतो. मुलींनी पुन्हा पन्नास मीटरच्या खुणा करून तो मोजला.

तांड्यावरच्या सगळ्या मुली परत आल्या नाहीत. ज्या आल्या त्या जूनमध्ये, गटाने, पुढे एक मोठी मुलगी आणि मागे एक अशा. एकीचं त्या उन्हाळ्यात लग्न झालं होतं. तिच्या घरी मी पुन्हा गेले नाही. जायला हवं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वात आधी अपघाताच्या जागेवर जाऊ, मागणी नंतर ठरवू. रास्ता रोकोच्या दिवशी साइडपट्टी हा शब्द आमच्यातल्या एकाच्याही तोंडी असता तर दोन महिने वाचले असते, आणि ते आजोबा पडले नसते.

रस्ता कुणाचा हे पहिल्या आठवड्यात विचारू. तीन प्रश्नांचा अर्ज पोस्टकार्डाएवढा असतो.

कुणालाही हटवण्याची मागणी करण्याआधी त्या माणसाशी बोलू. इथे दुसरं मत मला मान्य नाही.

आणि शाळा सोडलेल्या मुलींकडे पहिल्याच आठवड्यात जाऊ. आम्ही रस्ता दुरुस्त करून मग त्यांना बोलवायचं ठरवलं होतं. काही जणींना तेवढा वेळ नव्हता. रस्ता होईपर्यंत कुणीतरी शिक्षक, कुणीतरी पालक त्यांच्याबरोबर सकाळी चालू शकला असता. त्याला ना निधी लागला असता, ना परवानगी.

अजून बाकी आहे तो ओढ्यावरचा पूल. तो जुनाच, अरुंद, कठड्याला लागून पायी चालायला जागा नाही. ट्रॅक्टर आला की मुली अलीकडे सायकल धरून थांबतात. पायी जाण्यासाठी बाजूने वेगळा लोखंडी सांगाडा जोडता येईल का, याची पाहणी व्हावी म्हणून पत्र दिलं आहे, आणि या वेळी ते योग्य खात्याला दिलं आहे. पायाला इजा झालेली ती मुलगी आता दहावीत आहे. सायकल ती अजून चालवत नाही, मैत्रिणीच्या मागे कॅरिअरवर बसून येते. पुलाची मापं तिने घेतली.